प्रमाणपत्राचा परदेश-प्रवास

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या आमच्या बऱ्हाणपुरावरून आग्ऱ्यास गेला. तापीकाठच्या या नगरीत विणले जाणारे तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि थेट कैरोपर्यंत जाते, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद करून ठेवले आहे. त्या कापडासोबत विणकराचे प्रमाणपत्र जात नव्हते. घेणाऱ्याने वस्त्र हातात घ्यावे, उजेडासमोर धरावे आणि पसंत पडल्यास मोल द्यावे, एवढाच तो व्यवहार होता. हाताचा कस वस्तूतच दिसत असे.

आज कापडाऐवजी माणूस परदेशी निघाला आहे. आमच्या बहादरपुरातून, बऱ्हाणपुरातून आणि भोवतालच्या केळीच्या पट्ट्यातून कोणी आखातात, कोणी कॅनडात, तर अलीकडे कोणी जर्मनीत जाण्याची भाषा बोलतो. परंतु माणसाचा हात उजेडासमोर धरून पाहता येत नाही. परिचारिकेचे ज्ञान, विजेच्या कारागिराचे कसब किंवा अभियंत्याची विद्या सहा हजार किलोमीटरवरून तपासायची, तर मध्यस्थ म्हणून कागदच लागतो. आणि हा कागद आपल्या देशात ज्या मानाने वावरतो, त्याच मानाने परक्या देशात वावरेल, असे गृहीत धरून आपली अनेक कुटुंबे फसतात. गेल्या काही वर्षांत जुने विद्यार्थी व त्यांचे पालक शाळेच्या कार्यालयात ज्या अडचणी घेऊन येतात, त्या पाहता या विषयावर सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांपुढे तर या बाबतीत काही वेगळ्याच अडचणी उभ्या राहतात. त्यांचा विचार पुढे येईलच.

सर्वांत आधी एक घोटाळा दूर करावयास हवा. 'पदवी परदेशात चालते का?' असा एकच प्रश्न लोक विचारतात. वस्तुतः तेथे एकामागून एक असे चार प्रश्न असतात, आणि प्रत्येकाचे उत्तर देणारे कार्यालय निराळे असते.

पहिला प्रश्न साक्षांकनाचा. कागद खरा आहे काय, आणि त्यावरील सही व शिक्का ज्यांचा म्हणून दाखविला आहे त्यांचाच आहे काय, एवढेच येथे पाहिले जाते. १९६१ साली हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने यासाठी 'अपोस्टिल' नावाची एक सामाईक मुद्रा ठरवून दिली. भारत २००५ सालापासून या करारात आहे. शैक्षणिक कागदावर प्रथम राज्य शासनाच्या संबंधित विभागाचे साक्षांकन होते, आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय आपली मुद्रा लावते. जे देश या करारात नाहीत, किंवा ज्यांनी भारतापुरता तो लागू मानलेला नाही, त्यांच्यासाठी वकिलातीच्या निराळ्या सूचना पाळाव्या लागतात. म्हणून शिक्क्यासाठी पैसे भरण्यापूर्वी आपण ज्या देशास जाणार त्याच्या वकिलातीच्या सूचना वाचणे श्रेयस्कर.

आता महत्त्वाची गोष्ट ही की, ही मुद्रा कागदातील मजकुराविषयी काहीही बोलत नाही. राजपत्रित अधिकारी गुणपत्रिकेच्या प्रतीवर 'खरी प्रत' म्हणून सही करतो, तेव्हा तो मुलाच्या गणितातील गतीची हमी घेत नसतो. तसेच हे आहे. 'आमच्या पोरीच्या डिग्रीवर दिल्लीचा शिक्का बसला, आता काम झालंच,' असे समाधानाने सांगणारे पालक आम्हांस भेटतात. त्यांचे काम झालेले नसते, पहिली पायरी झालेली असते.

दुसरा प्रश्न समकक्षतेचा. आपली पदवी त्यांच्या देशातील कोणत्या पदवीच्या बरोबरीची? जर्मनीत हे काम बॉन येथील एक मध्यवर्ती कार्यालय करते. त्याच्या 'अनाबिन' या माहितीसंग्रहात जगभरच्या विद्यापीठांची नोंद आहे, आणि प्रत्येक संस्थेपुढे 'एच प्लस', 'एच प्लस-मायनस' किंवा 'एच मायनस' अशी खूण केलेली असते. पहिली खूण मान्यतेची, तिसरी अमान्यतेची, आणि मधली म्हणजे प्रकरण तपासून ठरवावयाची. हा संग्रह कोणासही विनामूल्य पाहता येतो. कॅनडात कुशल कामगार म्हणून कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्यास शासनाने नेमलेल्या संस्थेकडून पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. या संस्थांना उमेदवाराने स्वतः पाठविलेली गुणपत्रिका बहुधा पुरत नाही. विद्यापीठाने बंद पाकिटात, तोंडावर सही-शिक्का करून ती पाठवावी लागते.

येथे आपल्या तीन वर्षांच्या बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. पदव्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. त्यामुळे तेथील कुशल कामगारांच्या व्हिसासाठी केवळ तीन वर्षांची पदवी एकटी उभी केली, तर ती तोकडी ठरू शकते. कामाच्या अनुभवाची तीन वर्षे म्हणजे शिक्षणाचे एक वर्ष, असा हिशेब तेथे मांडला जातो. मध्यप्रदेशाने २०२१ सालीच नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाविद्यालयांत लागू केले, आणि त्यामुळे चौथ्या वर्षाचा मार्ग आपल्या मुलांस खुला झाला. तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडावे की चौथे वर्ष पुरे करावे, हा निर्णय घेताना हा मुद्दा घरात बोलला जावा.

तिसरा प्रश्न परवान्याचा. पदवी समकक्ष ठरली तरी ती विद्या प्रत्यक्ष आचरण्याचा अधिकार मिळाला, असे नव्हे. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, शिक्षक, वकील हे व्यवसाय बहुतेक देशांत परवान्याचे आहेत. कॅनडात मूल्यमापन होऊन, वास्तव्याचा हक्क मिळूनही आपल्याकडील डॉक्टरास प्रांतिक मंडळाच्या परीक्षा झाल्याविना रुग्णाची नाडी धरता येत नाही. दवाखाना सोडून मोटार चालविणाऱ्या डॉक्टरांच्या कथा तेथून येतात, त्यांचे मूळ येथे आहे. उलट संगणकाच्या क्षेत्रात असा परवाना लागत नाही. आमच्या शहरात आयुर्वेदाचे आणि युनानीचे अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. त्या पदव्या आपल्या देशात कायद्याने वैद्यकाच्या पदव्या आहेत, त्यांचा मान मोठा आहे. परंतु ब्रिटन वा जर्मनीत त्यांच्या आधारे डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही. प्रवेश घेतेवेळीच हे ठाऊक असावे, म्हणजे मागाहून मनस्ताप होत नाही.

आणि चौथा प्रश्न व्हिसाचा. तो देश तुम्हांस आत घेतो की नाही, हे पहिल्या तीन उत्तरांवर, भाषेवर, वयावर, नोकरीच्या लेखी पत्रावर आणि त्या त्या वर्षीच्या धोरणावर अवलंबून असते. पहिली तीन उत्तरे अनुकूल आली म्हणून चौथे येईलच, असा नियम नाही.

विद्या आणि विद्येची मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या समाजास आजच कळले असे नव्हे. डॉ. रखमाबाईंचा बालविवाहाचा खटला सर्वांस ठाऊक आहे. १८८९ साली त्या वैद्यक शिकण्यास लंडनला गेल्या, ही गोष्टही पुष्कळांस माहीत असते. परंतु ज्या स्त्रियांच्या विद्यालयात त्या शिकल्या, त्यास स्वतः परवाना देण्याचा अधिकार नव्हता. रखमाबाई लंडनमध्ये शिकल्या, आणि वैद्यकीचा परवाना त्यांनी स्कॉटलंडच्या वैद्यक-संस्थांची परीक्षा देऊन १८९४ साली मिळविला. ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवीही त्यांनी घेतली. त्यानंतर त्या सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा करू शकल्या. विद्या एका ठिकाणची आणि परवाना दुसऱ्या ठिकाणचा, ही कसरत त्या काळी एका मराठी स्त्रीने एकटीने केली.

मान्यता ही चिरंतन वस्तू नाही, हेही इतिहास सांगतो. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने १९३० साली भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राचे शिक्षण येथे पुरेसे होते की नाही आणि ते कोणी तपासावे, यावरून तो वाद अनेक वर्षे धुमसत होता. त्या अपमानातूनच १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला, म्हणजे आपल्या शिक्षणाचा दर्जा राखणारी आपलीच संस्था निर्माण झाली. पुढे मान्यता परत मिळाली. स्वातंत्र्यानंतर हजारो भारतीय डॉक्टर वेगळी परीक्षा न देता ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुजू झाले. मग १९७५ साली ती मान्यता पुन्हा गेली, आणि भारतातून येणाऱ्या डॉक्टरांसाठी भाषेची व वैद्यकज्ञानाची 'प्लॅब' परीक्षा सुरू झाली. एका वर्षात आपल्या डॉक्टरांचे ज्ञान कमी झाले होते काय? मुळीच नाही. बदलला होता तो दोन देशांच्या संस्थांमधील विश्वास. यावरून शहाण्याने एवढे घ्यावे की, अमक्याचा मुलगा दहा वर्षांपूर्वी ज्या कागदावर गेला, त्याच कागदावर आपलाही जाईल, असे मानू नये.

आता सध्या ज्या देशाचे नाव अधिक ऐकू येते, त्या जर्मनीकडे वळू. त्या देशात वृद्धांची संख्या वाढली आहे आणि काम करणारे हात अपुरे पडत आहेत. परदेशी शिक्षणाच्या मान्यतेचा कायदा तेथे २०१२ साली झाला, कुशल कामगारांच्या आगमनाचा कायदा मार्च २०२० पासून लागू झाला, आणि २०२३ व २०२४ मध्ये तो अधिक सैल करण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला, आणि १०,००० कुशल कामगार तेथे पाठविण्याचा संकल्प सोडला. केरळ शासनाने तर २०२१ सालच्या डिसेंबरातच परिचारिकांसाठी जर्मन सरकारी यंत्रणेशी करार करून, उमेदवाराकडून शुल्क न घेता भरतीची व्यवस्था लावली होती.

येथेच आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबांचा प्रश्न उभा राहतो. भाषेने आपण मराठी, पण कागदाने मध्यप्रदेशचे, गुजरातचे, कर्नाटकचे किंवा तेलंगणाचे. महाराष्ट्र शासनाने केलेला करार महाराष्ट्रातील तरुणांकडे पाहून केलेला आहे. जळगावच्या मावसभावास जी वाट सांगितली गेली, ती बऱ्हाणपूरच्या भावास जशीच्या तशी लागू पडेल, असे समजण्यात अर्थ नाही. परंतु यात निराश होण्याचेही कारण नाही. जर्मन कायद्याचा सर्वसाधारण मार्ग भोपाळच्या, बडोद्याच्या आणि पुण्याच्या अर्जदारास सारखाच आहे. तेथे अधिवास विचारला जात नाही, शिक्षण विचारले जाते.

एका परिचारिकेचे उदाहरण घेऊ. तिने आपल्या राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी केलेली आहे. जर्मनीत परिचर्या हा परवान्याचा व्यवसाय असल्याने, ज्या राज्यात काम करावयाचे त्या राज्याच्या सक्षम कार्यालयाकडे तिला अर्ज करावा लागतो. ते कार्यालय तिच्या अभ्यासक्रमाचे विषय, तास आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिके आपल्याकडील अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. बहुतेक वेळा पूर्ण मान्यता मिळत नाही. कोठे कोठे उणे आहे, त्याची यादी असलेले पत्र मिळते. हे पत्र म्हणजे नकार, असे समजून रडणाऱ्या मुली असतात. तो नकार नव्हे, पुढच्या कामाचा नकाशा आहे. तेथे पूरक प्रशिक्षण पुरे करून किंवा ज्ञानपरीक्षा देऊन ती उणीव भरता येते. तोवर ती साहाय्यक म्हणून काम करते आणि वेतन घेते. मार्च २०२४ पासून तर जर्मनीत जाऊन, नोकरी करता करता मान्यतेची प्रक्रिया पुरी करण्याची सोयही काही अटींवर झाली आहे. भाषा मात्र चुकत नाही. परिचारिकेस साधारणतः जर्मन भाषेची 'बी-टू' पातळी गाठावी लागते. रोज मन लावून शिकणाऱ्यासही याला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. 'तीन महिन्यांत जर्मन' अशी जाहिरात दिसली की तिच्यापासून चार हात दूर राहावे.

दुसरे उदाहरण आय. टी. आय. झालेल्या मुलाचे. नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत जाता यावे म्हणून १ जून २०२४ पासून 'संधी-पत्र' देण्यात येऊ लागले. त्यास किमान दोन वर्षांचे, आपल्या देशात शासनमान्य असलेले व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी लागते. जर्मन भाषेची 'ए-वन' अथवा इंग्रजीची 'बी-टू' पातळी लागते, आणि शिवाय शिक्षण, अनुभव, वय वगैरेंचे मिळून सहा गुण भरावे लागतात. आता आमच्याकडे वीजतंत्री आणि फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, तर वेल्डरचा एक वर्षाचा. म्हणजे उत्तम वेल्डिंग करणारा मुलगा, केवळ अभ्यासक्रमाच्या लांबीमुळे या वाटेवर अडतो, आणि त्याचा फिटर मित्र पुढे जातो. दहावीनंतर 'कोणता ट्रेड घ्यावा' असे विचारणाऱ्या पालकांस हा फरक आम्ही आवर्जून सांगतो. सगळ्यांनी परदेशीच जावे म्हणून नव्हे. दरवाजा उघडा ठेवणे किंवा बंद करणे ही गोष्ट नकळत घडू नये, म्हणून.

शिक्षकी पेशातील वाचकांसाठी ऑस्ट्रेलियाचा एक नियम सांगून ठेवतो. तेथे प्रत्येक व्यवसायाची मूल्यमापन-संस्था निराळी आहे. शालेय शिक्षकांसाठी जी संस्था आहे, ती किमान चार वर्षांचे उच्च शिक्षण, त्यात शिक्षक-प्रशिक्षण, आणि किमान ४५ दिवसांचे देखरेखीखालील अध्यापन मागते. बी. एड्.च्या वेळी घेतलेल्या पाठांची नोंद आपण निकालानंतर रद्दीत घालतो. ज्यांच्या मनात पुढे काही असेल त्यांनी ती जपावी, आणि महाविद्यालयाकडून पाठांच्या दिवसांचे लेखी पत्र वेळीच घेऊन ठेवावे.

यापुढील गोष्ट लिहिताना आमची लेखणी जड होते. परदेशातील मान्यता ही घरच्या मान्यतेवर उभी असते. घरचा पायाच पोकळ असेल तर बॉनचे कार्यालय तरी काय करणार? आमच्या मध्यप्रदेशात परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यतेत मोठा घोटाळा उघडकीस आला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ महाविद्यालयांची तपासणी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आलेल्या अहवालानुसार त्यांपैकी १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अयोग्य ठरली. त्यावर कळस असा की, मे २०२४ मध्ये खुद्द तपासणी करणाऱ्यांपैकीच काही अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले, आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांचीही फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला. या गोंधळात हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा लांबल्या. यांत बहुतेक साध्या घरच्या मुली. बापाने केळीचे पीक विकून किंवा आईने पाटल्या मोडून शुल्क भरलेले. त्या मुलींचा काडीमात्र दोष नसताना त्यांच्या कागदावर संशयाची छाया पडली. १९७५ साली जो विश्वास देशादेशांत ढळला, तो येथे आपल्याच घरात ढळला.

म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहाव्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे काय? आयोग खोट्या विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करीत असतो. त्या अभ्यासक्रमास संबंधित परिषदेची मान्यता आहे काय, आणि ती आपल्या मुलाच्या तुकडीच्या वर्षासाठी आहे काय? आणि महाविद्यालयास जोडलेले रुग्णालय वा कार्यशाळा खरोखर आहे काय? तिसरी गोष्ट कागदावर कळत नाही. ती जाऊन, पाहून यावी लागते. लग्नाचे स्थळ पाहण्यास आपण चार माणसे पाठवितो, मग ज्या संस्थेत मुलगी चार वर्षे घालविणार ती पाहण्यास एक दिवस का देऊ नये?

आता आमच्या स्वतःच्या टेबलावरची गोष्ट. परदेशी जाणाऱ्या अर्जांतील पुष्कळ अडथळे विद्यापीठात नव्हे, तर पहिल्या इयत्तेच्या प्रवेश-नोंदवहीत जन्मास येतात. त्यातही महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांचा एक खास त्रास आहे. 'ज्ञ' या अक्षराचा आपला उच्चार निराळा, हिंदी भाषिकांचा निराळा. मराठी घरातला ज्ञानेश्वर जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'डी' या अक्षराने सुरू होतो आणि शाळेत हिंदी भाषक कारकुनाच्या हातून 'जी' या अक्षराने लिहिला जातो. देवनागरीत दोन्ही नावे एकच, इंग्रजीत मात्र दोन माणसे! 'ळ' हे अक्षर हिंदीच्या नित्य लेखनात नाही, त्यामुळे आडनावांचे उच्चार व स्पेलिंग बदलतात. शिवाय आपण मधले नाव म्हणून वडिलांचे नाव लावतो. येथील मंडळाच्या अंकसूचीत वडिलांचे नाव निराळ्या ओळीत असते. पासपोर्टावर तीन शब्द, अंकसूचीवर दोन, पदवीवर कधी दोन तर कधी तीन. मूल्यमापन करणारा परदेशी कारकून ही आपली रीत जाणत नाही. तो केवळ अक्षरे जुळतात की नाही ते पाहतो. काही मुलांच्या दाखल्यावर तर आडनावच नसते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, पासपोर्टावर एकच नाव असलेल्या प्रवाशांस पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम जाहीर केला, तेव्हा ही उणीव किती महाग पडू शकते ते अनेकांस कळले.

मुलींच्या बाबतीत भर पडते ती विवाहाची. शिक्षण माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि कधी हौसेने पहिले नावही बदललेले. याचा उपाय विवाहाची रीतसर नोंदणी, आणि पहिले नाव बदलले असल्यास राजपत्रात प्रसिद्धी. त्याहून सोपा उपाय म्हणजे, शिकलेल्या मुलीचे नाव बदलण्यापूर्वी तिला आणि तिच्या पदवीला काय वाटते ते विचारणे.

'गुरुजी, तुमच्याच रजिस्टरात आहे ना, खोडून नीट करून द्या की,' असे वडीलधारी मंडळी आम्हांस हक्काने म्हणतात. आम्ही नाही म्हणतो तेव्हा त्यांना आमचा राग येतो. परंतु शाळेची नोंदवही हा कायदेशीर पुरावा आहे. त्यात मागाहून खाडाखोड झाली, तर एका मुलाचे काम होईल आणि त्या वहीतील उरलेल्या सर्व मुलांच्या नोंदीवरचा विश्वास जाईल. दुरुस्तीची रीतसर वाट आहे, तिला मुदतीही आहेत. मूल शाळेत असताना ती दुरुस्ती सोपी असते. बोर्डाची परीक्षा होऊन वर्षे लोटल्यावर ती फार कठीण होऊन बसते. 'अपार' या विद्यार्थी-ओळखपत्रासाठी शाळेतील नाव आधारकार्डाशी जुळवावे लागते, तेव्हा किती घरांतील नावे जुळत नाहीत हे आम्ही पाहिले. या निमित्ताने का होईना, आपल्या मुलाची नोंद पालकांनी डोळ्यांनी पाहून घ्यावी. ज्यांच्या घरी १ ऑक्टोबर २०२३ नंतर बाळ जन्मले आहे, त्यांनी अधिकच जपावे. त्या दिवसापासून लागू झालेल्या कायद्यानुसार शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा आधार मानला जातो.

राहता राहिला दलालाचा प्रश्न. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्यास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली भारत सरकारची नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत दलालांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या यंत्रणेवर पाहता येते. आधी नाव पाहावे, मग चहा पाजावा. 'मान्यता आम्ही मिळवून देतो' असे सांगणाऱ्यास शांतपणे विचारावे, 'चारांपैकी कोणती? साक्षांकन, समकक्षता, परवाना की व्हिसा?' या एका प्रश्नावर बहुतेकांची परीक्षा होते. मूळ कागद कोणाच्याही हाती ठेवू नयेत. आणि मान्यतेचे पत्र हाती येण्यापूर्वी शेत गहाण टाकू नये. जे काम बहुतांशी अर्ज, संयम आणि अल्प सरकारी शुल्कावर होते, त्यासाठी लाखांचे कर्ज काढण्याची घाई कशासाठी?

कोणी म्हणेल, मुले इथेच राहावी असे सांगण्याऐवजी हे गृहस्थ बाहेर जाण्याची वाट का दाखवितात? आमचे म्हणणे इतकेच की, जाणे किंवा राहणे हा निर्णय मुलांनी विचाराने घ्यावा, कागदातील एका अक्षराने तो त्यांच्यावर लादू नये. आपले पूर्वजही कधीकाळी सातपुडा आणि तापी ओलांडून परमुलखात आले. त्यांना त्यांचे कसब सिद्ध करावयास पिढी लागली. नव्या पिढीस ते सिद्ध करावयाचे, तर निदान कागदाने तिची अडवणूक करू नये, एवढी काळजी घेणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.

तेव्हा वाचकहो, या महिन्यात एका संध्याकाळी घरातील सर्व कागद एकत्र मांडा. जन्मदाखला, आधारकार्ड, दहावीची अंकसूची, पदवी आणि पासपोर्ट यांवरील नावे अक्षर अक्षर लावून वाचा. फरक आढळल्यास तो वहीत टिपून ठेवा, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत, महाविद्यालयात वा कार्यालयात जाऊन दुरुस्तीची रीत विचारा. आणि नव्या सत्रात ज्यांचे मूल प्रथमच शाळेत दाखल होईल, त्यांना विनंती अशी की, टेबलासमोर उभे राहून मुलाचे नाव सांगताना घाई करू नका, आणि कारकुनासही करू देऊ नका. लिहून झालेले नाव त्याच्यासमोर एकदा वाचून पाहा, आणि मगच सही करा.